द्राक्षबागेतली पिकअप: ऑइल कधी बदलायचे आणि बाहेरचे अलॉय घेताना काय मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बीएस-६ डिझेल टोयोटा हायलक्स दोन वर्षांत २६,००० किलोमीटर चालली आहे. रोज घर, बाग आणि गाव अशा पाच-सहा किलोमीटरच्या चार-पाच फेऱ्या होतात आणि हंगामात आठवड्यातून एकदा माल घेऊन कसारा घाट उतरून वाशी मार्केटला जाणे होते. सर्व्हिस सेंटर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते, गावातला मेकॅनिक पाच हजार किलोमीटरला, आणि मित्राचे म्हणणे, ऑइल सिंथेटिक आहे तर पंधरा हजार आरामात जाते. दुसरे म्हणजे, मूळ १७ इंची चाके काढून ९ इंच रुंदीचे, शून्य ऑफसेटचे (ऑफसेट म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते ते सांगणारा आकडा, हिशोब पुढे आहे) अलॉय आणि त्यावर २६५/७० आर १७ मापाचे ऑल-टेरेन टायर बसवायचे आहेत. चालेल का?

आधी उत्तर, मग कारणे. ऑइल वर्षातून दोनदा बदला: एकदा एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास आणि एकदा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी. तुमच्या वापराने ते आपोआप साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास पडते. ते ९ इंची शून्य ऑफसेटचे रिम घेऊ नका. अलॉय हवेतच असतील तर ८ इंच रुंदीचे, २० ते ३० ऑफसेटचे घ्या. टायर ऑल-टेरेन जरूर घ्या, पण माप मूळचेच, २६५/६५ आर १७ ठेवा.

तिघांनी सांगितलेले आकडे वेगवेगळे असले तरी तिघेही खोटे बोलत नाहीत. दहा हजारांचा आकडा अशा गाडीसाठी आहे, जी सकाळी सुरू झाली की तीस-चाळीस किलोमीटर सलग पळते, ऑइल पूर्ण तापते आणि रस्ता डांबरी असतो. पाच हजारांचा आकडा जुन्या काळातून आला आहे. तेव्हा डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचे. ते जळून आम्ल तयार व्हायचे आणि ऑइलमधली आम्ल मारणारी रसायने लवकर संपायची. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्षात १० भागांच्या आत असते. बीएस-४ ला ही मर्यादा ५० होती आणि त्याआधी शेकड्यांत होती. त्यामुळे पाच हजारांचे ते जुने कारण आता जवळजवळ उरलेले नाही. तरीही तुमच्या मेकॅनिकचा आकडा तुमच्या वापराला मित्राच्या आकड्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे, आणि त्याची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापले असे आपण समजतो, पण ऑइल पाण्याच्या बरेच मागे असते. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी उतरतो, तेव्हा पाच किलोमीटरच्या फेरीत चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल नीट तापतच नाही. ज्वलनातून तयार होणारी वाफ पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरते, थंड ऑइलमध्ये पाणी होऊन मिसळते आणि उडून जायला उष्णता मिळत नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर सायीसारखा थर दिसला तर तो याचाच पुरावा. असा थर हेड गॅस्केट गेल्यावरही दिसतो, म्हणून आधी गाडी एकदा तासभर हायवेवर चालवून पाहा. थर निघून गेला आणि कूलंट कमी होत नसेल, तर दोष छोट्या फेऱ्यांचा आहे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, ती म्हणजे डीपीएफ. ती भरत आली की गाडी स्वतःच जादा डिझेल वापरून ती साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. हे जादा डिझेल काही इंजिनांत एक्झॉस्ट पाइपमध्ये वेगळ्या इंजेक्टरने सोडतात, तर काही इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा फवारतात. दुसऱ्या प्रकारात त्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीला लागून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी सलग पळत असेल तर जाळणी एका दमात पूर्ण होते. पण तुम्ही बागेत पोचलात आणि जाळणी अर्ध्यावर असतानाच इंजिन बंद केले, तर पुढच्या फेरीत ती पहिल्यापासून सुरू होते. असे चार वेळा झाले की ऑइल पातळ होऊ लागते आणि त्याची पातळी वर चढते.

म्हणून जुन्या गाड्यांची एक सवय इथे उलटी वापरायची आहे. पूर्वी डिपस्टिक बघायची ती ऑइल कमी झाले का हे पाहायला. डीपीएफच्या गाडीत ऑइल वाढले का हेही बघायचे. दर १५ दिवसांनी, सपाट जागी, इंजिन गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा आणि खूण लिहून ठेवा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, ऑइल हाताला पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर कितीही झाले असोत, ऑइल बदला. नुसते जादा ऑइल काढून पातळी बरोबर करणे म्हणजे फसवणूक आहे, कारण उरलेले ऑइलही तितकेच पातळ असते. पातळ ऑइल क्रँकच्या आणि टर्बोच्या बेअरिंगवर पुरेसा थर धरत नाही, आणि कसारा चढताना त्याच थरावर सगळा भार असतो. पातळी फारच वाढली तर क्रँक ऑइलवर आपटून फेस होतो, ऑइल हवेच्या नळीतून परत इंजिनात ओढले जाते आणि इंजिन त्याच ऑइलवर स्वतःहून धावत सुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

यावर अर्धा उपाय तुमच्याच हातात आहे. आठवड्यातून किमान एकदा, वाशीची फेरी नसेल त्या आठवड्यातही, गाडी पिंपळगावहून पुढे हायवेला काढा आणि अर्धा-पाऊण तास एका वेगात, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून चालवा. डीपीएफचा दिवा लागला तर ती फेरी लगेच करा, उद्यावर ढकलू नका.

तिसरे कारण धूळ. बागेच्या कच्च्या रस्त्यावर, विशेषतः फेब्रुवारी ते मे, माती पिठासारखी बारीक असते. ऑइल जिच्यामुळे खऱ्या अर्थाने खराब होते ती धूळ एअर फिल्टरच्या कागदातून फारशी येत नाही. ती येते फिल्टरच्या रबरी कडेतून, नीट न बसलेल्या डब्याच्या क्लिपमधून आणि टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या सैल क्लॅम्पमधून. दर ऑइलच्या वेळी फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या आत, पांढरे कापड फिरवा. कापडाला मातीचा रंग लागला तर आधी ती गळती शोधा, कारण ऑइल कितीही वेळा बदलले तरी ती माती रिंगा आणि सिलिंडर घासतच राहणार. एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायची सवयही सोडा. जोराची हवा कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पाडते.

इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा हिशोबही करायला हवा. माल भरताना किंवा मार्केटच्या रांगेत एसी लावून गाडी तासभर उभी असते, तेव्हा किलोमीटरचा काटा हलत नाही, पण ऑइल वापरले जातेच. एक तास उभे चालणे म्हणजे ऑइलच्या दृष्टीने ४० ते ५० किलोमीटर असे धरा. हंगामाच्या तीन महिन्यांत रोज अर्धा तास उभी चालली, तर दोन हजार किलोमीटर ओडोमीटरवर न दिसता खर्च झाले.

आता सिंथेटिकचा मुद्दा. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकते आणि थंडीत लवकर वाहते, हे खरे. पण त्यात मिसळलेले डिझेल, पाणी, काजळी आणि माती यांना ते हाकलून लावू शकत नाही. तुमचे ऑइल जुने होण्याआधी घाण होते, म्हणून मित्राचा पंधरा हजारांचा हिशोब तुमच्या गाडीला लागू होत नाही. रोज नाशिक-मुंबई हायवेवर पळणाऱ्या गाडीला कंपनीचे दहा हजार मी निर्धास्तपणे पाळायला सांगेन, पंधरा तिलाही नाही. वॉरंटीत असताना पुस्तकापेक्षा लवकर ऑइल बदलल्याने काही बिघडत नाही. उशिरा बदलल्याने किंवा चुकीच्या दर्जाचे भरल्याने बिघडते. बिले आणि त्या दिवसाचे किलोमीटर जपून ठेवा.

ऑइल निवडताना घट्टपणाचा आकडा सगळे बघतात, ५डब्ल्यू-३० आहे की ०डब्ल्यू-३०, पण डीपीएफच्या गाडीत राखेचा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. काजळी जळून जाते. ऑइलमधल्या धातूच्या रसायनांची राख कधीच जळत नाही, ती जाळीत कायमची साचते. एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी२ आणि सी३ दर्जाच्या ऑइलमध्ये राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते. ट्रॅक्टरसाठी घरात पडलेले १५डब्ल्यू-४० सीआय-४ ऑइल चांगले असेलही, पण ते या गाडीत अर्धा लिटर टॉप-अपलासुद्धा घालू नका. पुस्तकातला दर्जा डब्यावर शब्दशः छापलेला असला पाहिजे. ‘डिझेलसाठी उत्तम’ एवढेच लिहिलेला डबा परत द्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापून टाका, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येणार नाही.

बदलण्याची पद्धत साधी आहे, पण चुका ठरावीक जागीच होतात. गाडी दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट-गरम करा, उकळते नको. सपाट जागी उभी करा, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा. वरचे झाकण आधी उघडा, मग ड्रेन नट. ऑइलची धार संपली की लगेच नट लावायची घाई असते; पंधरा मिनिटे थेंब पडू द्या, काळा गाळ शेवटीच येतो. ड्रेन नटाचा वायसर दर वेळी नवा घ्या. जुना दबलेला वायसर गळतो, मग मेकॅनिक नट आणखी आवळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी चेंबरचे आटे जातात. काही रुपयांच्या वायसरपायी चेंबर बदलावा लागतो. नट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यालाच आवळा.

फिल्टर काढल्यावर त्याचे जुने रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रबरावर नवे रबर बसले तर सुरू करताच सगळे ऑइल जमिनीवर येते. नव्या फिल्टरच्या रबराला ताजे ऑइल चोळा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर छापलेल्या सूचनेएवढेच, साधारण पाऊण फेरा. फिल्टर कागदी गाभ्याचा असेल तर सोबत आलेल्या सगळ्या ओ-रिंग बदला आणि झाकण त्यावर छापलेल्या टॉर्कला बसवा.

हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनात फिल्टरसह सुमारे साडेसात लिटर ऑइल लागते. सगळे एकदम ओतू नका. सात लिटर भरा, इंजिन अर्धा मिनिट चालवा, रेस करू नका, ऑइलचा दिवा विझला की बंद करा. दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि थोडे थोडे घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. वर थोडी जागा ठेवण्याचे कारण वर आलेच आहे, या इंजिनांत पातळी खाली जाते तशी वरही चढू शकते. नंतर सर्व्हिसचा रिमाइंडर शून्यावर आणायला विसरू नका. जुने ऑइल बांधावर, उधईसाठी खांबांना किंवा ओढ्यात घालू नका. द्राक्षाच्या मुळाशी गेलेले इंजिन ऑइल परत काढता येत नाही. डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या. ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला देण्याची त्यांच्याकडे सोय असते.

इगतपुरीच्या पावसात किंवा ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर डिफरन्शियलचा भराव नट उघडून आतले ऑइल बघा. दुधी दिसले तर तेही बदलायचे.

आता चाके. इथे मापे सोडून बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तुमच्या मूळ चाकाचे माप घेऊ. रिम १७ इंची, रुंदी ७.५ इंच, ऑफसेट अधिक ३०, सहा नट, नटांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिमी. हब म्हणजे चाक ज्या फिरत्या भागावर नटांनी बसते तो. ऑफसेट म्हणजे हबवर टेकणारा चाकाचा चेहरा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते. अधिक ३० म्हणजे रिमचा बराचसा भाग आत, गाडीकडे आहे. ७.५ इंच म्हणजे १९०.५ मिमी, त्याचे अर्धे ९५. म्हणजे मूळ रिम हबच्या चेहऱ्यापासून आत १२५ मिमी आणि बाहेर ६५ मिमी जाते. तुम्ही निवडलेले ९ इंची, शून्य ऑफसेटचे रिम दोन्ही बाजूंना ११४ मिमी जाते. आत ११ मिमी जागा वाढली, पण बाहेर प्रत्येक चाक ४९ मिमी, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकले. या पाच सेंटिमीटरचे परिणाम फोटोत दिसत नाहीत.

टायरची मध्यरेषा ३० मिमी बाहेर गेली की जमिनीकडून येणारा प्रत्येक धक्का हबच्या बेअरिंगला लांब दांड्याने मारल्यासारखा बसतो. बेअरिंगच्या दोन ओळींवरचा भार विषम होतो, बाहेरची ओळ आधी ओरडू लागते. पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तिथून टायर दूर गेल्याने खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढले जाते, ब्रेक एका बाजूला जास्त धरल्यासारखे वाटते आणि टाय रॉडचे टोक व खालचा बॉल जॉइंट लवकर खेळू लागतात. वळताना टायर मोठ्या कमानीत फिरतो, म्हणून आत जागा वाढूनही तो पुढच्या बंपरच्या आणि मडगार्डच्या प्लास्टिकला घासतो. टायर बॉडीच्या बाहेर आल्याने पावसाळ्यात काच आणि आरसे चिखलाने भरतात, बागेत खडे दरवाज्यावर उडतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला आहे. बॉडीबाहेर आलेले चाक पोलिसांच्या नजरेत आधी भरते, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्याही.

८ इंची, २० ऑफसेटचे रिम घेतले तर? आत १२२, बाहेर ८२. म्हणजे बाहेर फक्त १६ मिमी. दिसायला चाक भरीव वाटते आणि हबवरचा जादा ताण मर्यादेत राहतो. २५ किंवा ३० ऑफसेट मिळाला तर आणखी उत्तम, फक्त ३० ला आतल्या बाजूला रिम मूळपेक्षा ६ मिमी जास्त जाते. तिथे वरचा आर्म आणि ब्रेक पाइप यांच्यापासून बोटभर जागा राहते का, हे गाडी जॅकवर घेऊन, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यात घालायची चकती, लावून काम भागवू नका. त्याने वाचलेले पैसे स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर चढतात त्या दांड्यांच्या, जिवावर वाचतात.

नटांचे वर्तुळ जुळले म्हणजे चाक बसले, हा मोठा गैरसमज आहे. सहा नट १३९.७ हा पॅटर्न अनेक पिकअपना आहे, पण मधले भोक वेगळे असते: हायलक्सचा हब १०६.१ मिमी, इसुझू डी-मॅक्सचा सुमारे १००, फोर्ड एन्डेव्हरचा ९३.१. एन्डेव्हरचे चाक हायलक्सच्या हबवर चढणारच नाही. बाहेरचे अलॉय एकच साचा अनेक गाड्यांना चालावा म्हणून मधले भोक मोठे, बहुधा ११० च्या आसपास, ठेवतात. मग मधली जागा भरायला रिंग लागते. अशी रिंग चाक मधोमध बसवण्याचे काम करते. नट आवळल्यावर भार घेते ती चाक आणि हब यांच्यातली दाबलेली घर्षणाची पकड. पण चाक मधोमध बसले नाही तर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीदा केले तरी जात नाही. रिंग अॅल्युमिनियमची घ्या. कसारा उतरताना ब्रेक डिस्कची उष्णता हबपर्यंत येते, प्लास्टिकची रिंग मऊ होऊन आकार सोडते. अॅल्युमिनियमची रिंग गंजून हबला धरून बसू नये म्हणून हबच्या कडेला ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. स्टडला ग्रीस किंवा ऑइल चुकूनही नाही.

भाराचा आकडा दुकानात कोणीच विचारत नाही, आणि पिकअपमध्ये तोच आधी विचारायला हवा. प्रत्येक चांगल्या रिमच्या मागे, आऱ्यांच्या आतल्या बाजूला, ‘मॅक्स लोड’ किलोमध्ये ओतलेला असतो. गाडीच्या प्लेटवर मागच्या अ‍ॅक्सलचा कमाल भार असतो. त्याचे अर्धे केले की एका चाकाला लागणारा आकडा येतो. समजा अ‍ॅक्सलला १,७०० किलो असेल, तर रिम ८५० किंवा जास्तचे हवे. कार आणि छोट्या एसयूव्हीसाठी ओतलेल्या रिमवर ६९० किलोसारखे आकडे असतात. अशा रिमवर क्रेट भरून घाटातला खड्डा घेतला तर आऱ्याच्या मुळाशी केसासारखी चीर पडते, आणि ती चीर धुतल्याशिवाय दिसत नाही. आकडा ओतलेला नसेल, आयएसआय चिन्ह नसेल, किंवा वेल्डिंग करून रंगवलेले जुने रिम असेल, तर ते घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. हौद्यात नेहमी पूर्ण भार वाहणाऱ्या बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांच्या मालकांना तर मी मूळ लोखंडी डिस्कच ठेवायला सांगतो. ती वाकते, ठोकून सरळ होते आणि तुटण्याआधी सांगते.

टायरच्या मापाचा हिशोब असा. २६५ ही मिमीमध्ये रुंदी, ६५ किंवा ७० ही त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या कडेची उंची, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिमी, २६५/७० चा ८०३ मिमी, फरक ३.४ टक्के. गाडी १३ मिमी उंच होते, बस इतकेच. बदल्यात काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही मूळ टायरच्या हिशोबाने ८२.७ ने जाता, ओडोमीटर दर दहा हजारांत सुमारे ३४० किलोमीटर कमी मोजतो, आणि प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो. चढावर भरलेली गाडी आधी जो गिअर सहज ओढायची, त्यात आता दमायला लागते. चालक गिअर न उतरवता तशीच रेटतो, काजळी वाढते, डीपीएफ लवकर भरतो, आणि आपण पुन्हा ऑइल पातळ होण्याच्या प्रश्नाशी येऊन पोचतो. म्हणून माप मूळचेच ठेवा; बागेतल्या चिखलाला पकड देण्याचे काम ऑल-टेरेनची नक्षी करते, ते १३ मिमी नव्हेत. टायरचा लोड इंडेक्स ११२ पेक्षा, म्हणजे ११२० किलोंपेक्षा, कमी नको. ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेले जाड टायर घेतले तर खडे-काट्यांना ते भारी पडतात, पण त्याच भाराला त्यांना जास्त हवा लागते आणि वजनही वाढते. जुन्या सवयीच्या हवेवर ते कडेने तापतात. व्हॉल्व्ह साध्या रबरी बनावटीचे असतील तर ६५ पीएसआयच्या वर ते वापरू नयेत. जास्त हवा लागत असेल तर नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह घ्या. पाचही टायर एकाच मापाचे हवेत. फोर-व्हील लावल्यावर पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासात फरक असेल तर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, ताण कोंडतो.

नटांची बैठक बघा. मूळ नटाचा टेकणारा भाग ६० अंशांचा शंकू आहे, गोल आहे की सपाट वायसर आहे, हे ओळखा आणि नव्या रिमच्या भोकाची बैठक त्याच घाटाची आहे का ते जुळवा. शंकूच्या बैठकीत सपाट नट घातला तर तो कडेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. आटे एम१२, १.५ पिचचे आहेत. नट हाताने किमान आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे, म्हणजे स्टडच्या जाडीएवढी पकड मिळते. बंद टोकाचे नट असतील तर ते स्टडच्या टोकाला आधीच टेकत नाहीत ना, तेही मोजा. आणि स्टेपनी मूळ रिमचीच असेल तर तिला लागणारे मूळ सहा नट गाडीतच ठेवा. रात्री घाटात पंक्चर काढताना नव्या अलॉयचे नट तिला बसले नाहीत तर दुसरा उपाय नसतो.

बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. नव्या रिमच्या हबला टेकणाऱ्या भागावर आणि नटांच्या बैठकीत जाड रंग असेल तर तो आधी काढून घ्या. रंग दबला की पकड सैल होते. नट हाताने चढवा, मग समोरासमोरच्या क्रमाने अर्धा टॉर्क, गाडी जमिनीवर टेकवून पूर्ण टॉर्क. एम१२ नटांना अलॉयवर साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतो, शेवटचा शब्द पुस्तकाचा. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळू देऊ नका. गनला किती आवळले ते कळत नाही, आणि ताणलेला स्टड आज नाही तर सहा महिन्यांनी तुटतो. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर थंड चाकांवर टॉर्क पुन्हा तपासा, आणि पहिल्या भरलेल्या वाशी फेरीनंतर आणखी एकदा. एखादा नट दोन्ही वेळा सैल सापडला तर तो नुसता आवळून सोडू नका, ते चाक काढून बैठक तपासा.

टायर चढवण्याआधी नुसते रिम बॅलन्सिंग मशिनवर फिरवून घ्या. कड डावी-उजवीकडे किंवा वर-खाली एक मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर रिम दुकानातूनच परत करा. टायर चढल्यावर दुकानदार ते घेत नाही. नंतर अलाइनमेंट करा, आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा कागद ऑइलच्या बिलांसोबत ठेवा.